लिव्हरच्या गाठीचं रोबोटिक ऑपरेशन: कशाच्या आधी काय करायचं आणि लोक कुठे चुकतात

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे रोबोट आहे ना?" गाठ कसली आहे, किती मोठी आहे, बाकीचं लिव्हर कसं आहे, यातलं काही माहीत नसतं पण रोबोट पाहिजे असतो. मी पुण्यात लिव्हर सर्जरीच्या ओपीडीत कोऑर्डिनेटर आहे, डॉक्टर नाही. फायली लावणं, तारखा जुळवणं, टीपीएशी (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) भांडणं आणि नातेवाईकांना तीच गोष्ट चारदा समजावणं हे माझं काम, आणि तेच तेच चुकताना इतक्या वेळा बघितलंय की शेवटी म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहूनच टाकू. क्रमालाच महत्त्व आहे इथे. रोबोट हा चौथा प्रश्न आहे, लोक तो पहिला विचारतात आणि आधीचे तीन तसेच राहून जातात.

यातलं काहीही वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद किंवा चालू करू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठी हे लिहिलंय.

टप्पा १: गाठ कसली आहे ते आधी पक्कं करा

सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणजे कॅन्सर असं नाही, आणि कॅन्सर असला तरी लिव्हरचाच असं नाही. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, तो बऱ्याच जणांना असतो आणि काही त्रास नसेल तर मोठा असला तरी बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. आपल्याकडे गावाकडच्या पेशंटमध्ये हायडॅटिड सिस्ट निघते, तो तर जंताचा आजार आहे. मग आतड्याच्या कॅन्सरमधून लिव्हरला आलेल्या गाठी, आणि मग लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर, तो बहुतेक करून हिपॅटायटिस बी, सी, दारू किंवा फॅटी लिव्हरमधून सिरोसिस (लिव्हर कडक, खडबडीत होणं) झालेल्यांना होतो. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

त्यासाठी लागतो ट्रिपल फेज सीटी, म्हणजे डाय देऊन वेगवेगळ्या वेळी लिव्हरचे फोटो काढतात. साधा "पोटाचा सीटी" काढून आणला की तो परत काढावा लागतो, पैसे दुप्पट आणि डायचा भार किडनीवर दुप्पट. सेंटरला जाताना चिठ्ठीवर ट्रिपल फेज लिहिलंय का बघा. लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर असेल तर गाठ पहिल्या फेजमध्ये चमकते आणि नंतरच्या फेजमध्ये बाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. सिरोसिसच्या पेशंटमध्ये हे चित्र स्पष्ट दिसलं तर निदान तेवढ्यावरच होतं, सुई घालावीच लागते असं नाही. सोबत रक्तात एएफपी करतात, आतड्याचा संशय असेल तर सीईए (दोन्ही कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. शंका राहिलीच तर एमआरआय.

थांबा: सगळ्यात मोठी चूक इथे होते. तालुक्याच्या गावी कुणीतरी म्हणतं "सुईने तुकडा काढून बघू" आणि लगेच काढतातही. लिव्हर रक्ताने भरलेलं असतं त्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो, सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडायची थोडी शक्यता असते, आणि ती हायडॅटिड निघाली तर आतलं पाणी सांडून जोरदार ॲलर्जी येऊ शकते. बायोप्सी करायचीच नाही असं माझं म्हणणं नाही, काही वेळा ती लागतेच, पण ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने सीटी बघितल्यानंतर.

टप्पा २: सीडी आणा, फोटो नको

हा टप्पा छोटा आहे पण आमचे निम्मे फोन याच्यावर खर्च होतात. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवतात, खिडकीला लावून काढलेला, त्यात मागचं नारळाचं झाड पण दिसतं. त्यावरून सर्जन काही सांगू शकत नाही. त्याला सीडी किंवा सेंटरची लिंक लागते, म्हणजे कॉम्प्युटरवर एकेक काप पुढे-मागे करून गाठ कुठल्या शिरेला चिकटलीय ते बघता येतं. रिपोर्टचा कागद पुरत नाही, कारण रिपोर्ट लिहिणाऱ्याने ऑपरेशनच्या नजरेने बघितलेलं असेलच असं नाही.

केमो झालेल्यांनी नीट वाचा. केमोच्या आधीचा सीटी जपून ठेवा. केमोने काही गाठी इतक्या बारीक होतात की नव्या सीटीत दिसतच नाहीत, घरच्यांना वाटतं गेली, पण तिथे जिवंत पेशी उरलेल्या असू शकतात आणि सर्जनला मूळ जागा माहीत असावी लागते. "जुनी फाईल रद्दीत गेली" हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा ऐकलंय.

तपासा: सगळ्या सीटी-एमआरआयच्या सीडी तारखेप्रमाणे, बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक (तुकड्याची काच आणि मेणातला तुकडा), चालू गोळ्यांची यादी डोससकट, आधीच्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी. पित्ताशय काढलंय, सिझर झालंय, अपेंडिक्स झालंय, सगळं सांगा. पोटात आधीच्या ऑपरेशनची चिकटलेली जाळी असेल तर दुर्बिणीने किंवा रोबोटने आत शिरणंच अवघड होऊन बसतं.

टप्पा ३: कापल्यावर किती लिव्हर उरणार

हे जरा लांबलचक आहे पण खरं ऑपरेशन ठरतं ते इथेच, म्हणून सोडून पुढे जाऊ नका.

लिव्हर वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं, "निम्मं कापलं तरी परत येतं ना?" येतं, पण ते वाढेपर्यंतचे काही आठवडे उरलेल्या तुकड्यालाच सगळा संसार सांभाळायचा असतो. निरोगी लिव्हर असेल तर साधारण २५ टक्के तरी मागे राहायला हवं, बरीच केमो झाली असेल तर ३० टक्के, आणि सिरोसिस असेल तर ४० टक्के. हे अंदाजाने ठरवत नाहीत, सीटीवरून कॉम्प्युटरवर मोजतात. शब्द लक्षात ठेवा, व्हॉल्युमेट्री. मोठा भाग काढणार असतील तर "व्हॉल्युमेट्री किती आली?" हे विचारायला लाजू नका.

आकारासोबत ताकदही बघतात. बिलिरुबिन (कावीळ किती ते), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), पोटातलं पाणी आणि शुद्ध या पाच गोष्टींवरून चाइल्ड-प्यू स्कोअर काढतात. ए मध्ये ऑपरेशनचा विचार होतो, बी मध्ये फार जपून आणि छोटंच, सी मध्ये लिव्हर कापत नाहीत. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आणि प्लीहा वाढलेली असेल तर पोर्टल शिरेत (आतड्यातलं रक्त लिव्हरला आणणारी मोठी शीर) दाब वाढलाय असं समजतात, मग एंडोस्कोपी करून अन्ननलिकेत शिरा फुगल्यात का ते बघतात. इथे नातेवाईक वैतागतात, "गाठ लिव्हरला आणि दुर्बीण घशात कशाला?" तर याच्यासाठी. दाब जास्त असताना लिव्हर कापलं तर ऑपरेशन टेबलावर छान होतं आणि पेशंट दहाव्या दिवशी पोट फुगून, पिवळा पडून आयसीयूत असतो.

मग उरणारा भाग कमी पडत असेल तर? त्यालाही उपाय आहे. ज्या बाजूचं लिव्हर काढायचंय त्या बाजूची पोर्टल शीर सुईतून आधीच बंद करतात, मग रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि ती बाजू वाढायला लागते. चार ते सहा आठवड्यांनी परत सीटी काढून मोजतात. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच, पण कॅन्सर आहे कळल्यावर डॉक्टर महिनाभर थांबायला सांगतात हे घरच्यांना पटतच नाही. मराठवाड्यातले एक काका असेच चिडून निघून गेले होते, "लगेच करून देणारे" दुसरीकडे सापडतील म्हणून, आणि दीड महिन्याने परत आले, त्या दीड महिन्यात तीन ओपीड्या फिरून झाल्या होत्या आणि तिन्हीकडे हेच सांगितलं होतं. तोपर्यंत लिव्हर वाढून ऑपरेशन झालं असतं.

इथेच आणखी एक प्रश्न विचारायचा, ऑपरेशनच का? गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असेल तर सुईतून जाळण्याचा पर्याय असतो. सिरोसिस असेल आणि एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरच्या आत, तर ट्रान्सप्लांटचा विचार होऊ शकतो, कारण त्यात गाठही जाते आणि खराब लिव्हरही. हे सगळं सर्जन, लिव्हरचा फिजिशियन, रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सरवाले डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, त्याला ट्युमर बोर्ड म्हणतात. "आमची केस ट्युमर बोर्डात ठेवली का?" एवढं विचारा. दुसरं मत हवं असेल तर याच टप्प्यावर घ्या, परळला टाटाला जा नाहीतर तुमच्या विश्वासातल्या कुणाकडे जा, ॲडमिशनच्या आदल्या दिवशी नको.

थांबा: हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असाल तर त्याच्या गोळ्या ऑपरेशनच्या आधी सुरू व्हायला हव्यात. ऑपरेशन किंवा केमोनंतर तो व्हायरस उसळी मारतो. रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं आणि कुणीच बोलत नाही, असं झालेलं मी बघितलंय.

टप्पा ४: आता विचारा रोबोटचं

रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन त्याच खोलीत थोडा बाजूला कन्सोलवर बसतो, बोटांनी आणि पायाने चालवतो, आणि पेशंटजवळचे यंत्राचे चार हात त्याप्रमाणे हलतात. पोटावर साधारण ८ मिलिमीटरची भोकं असतात आणि मदतनीस सर्जनसाठी एखादं जास्तीचं. फायदा मनगटाचा आहे. साध्या दुर्बिणीची हत्यारं सरळसोट असतात, रोबोटची आत जाऊन मनगटासारखी वळतात, शिवाय चित्र मोठं, थ्रीडी आणि न हलणारं.

आता याचा उपयोग कुठे जास्त? लिव्हरचे आठ भाग, म्हणजे सेगमेंट, मानतात. दुसरा-तिसरा म्हणजे डावीकडचा पातळ कोपरा, तो साध्या दुर्बिणीनेही छान निघतो, तिथे रोबोटसाठी लाख-दीड लाख जास्त मोजायचे का हा तुमचा प्रश्न, मी माझ्या घरच्यांसाठी मोजले नसते. सातवा-आठवा म्हणजे मागे आणि वर, छाती-पोटामधल्या पडद्याला लागून, तिथे सरळ हत्यार पोचताना मारामार होते, रोबोटचं मनगट तिथे खरं कामाला येतं. पित्तनळी परत जोडायची असेल तर बारीक टाके घालायलाही बरं पडतं. उलट गाठ अवाढव्य असेल, मोठ्या शिरेला चिकटून ती शीर कापून जोडावी लागणार असेल, किंवा हृदय-फुप्फुस पोटात गॅस भरणं सहन करणार नसेल, तर उघडं ऑपरेशनच सुरक्षित. सर्जनने "ओपन करू" म्हटलं की लोकांना वाटतं जुनाट डॉक्टर आहे. तसं नसतं हो.

छोट्या छेदाचा फायदा दुखणं, कॉम्प्लिकेशन आणि लवकर उठणं यात आहे. नॉर्वेमध्ये आतड्यातून लिव्हरला आलेल्या गाठींच्या २८० पेशंटवर साध्या दुर्बिणीची आणि उघड्या ऑपरेशनची तुलना केली होती, २०१८ साली छापून आली, त्यात कॉम्प्लिकेशन दुर्बिणीत १९ टक्के आणि उघड्यात ३१ टक्के होती, पण पुढे किती जगले यात फरक पडला नाही. म्हणजे रोबोटने कॅन्सर जास्त बरा होतो असं कुणी सांगत असेल तर कान टवकारा.

सर्जनला विचारायचे प्रश्न, चिठ्ठीवर लिहून न्या:

- गाठ कुठल्या सेगमेंटमध्ये आहे आणि माझ्या केसमध्ये साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोटने नेमका काय फरक पडेल?
- तुम्ही स्वतः लिव्हरची किती ऑपरेशनं रोबोटवर केलीत? प्रोस्टेट, गर्भाशय धरून नाही, लिव्हरची.
- कन्सोलवर तुम्ही असाल तेव्हा पेशंटजवळ कोण असेल, आणि गरज पडली तर तो पोट उघडू शकतो का?
- कुठल्या परिस्थितीत ओपन कराल?
- काढलेला तुकडा कुठून बाहेर काढणार?

शेवटच्या प्रश्नावर लोक चक्रावतात. भोकं ८ मिलिमीटरची आणि तुकडा नारळाएवढा, तर तो पिशवीत घालून बहुतेक वेळा खाली, सिझरच्या जागी छेद देऊन काढतात. आधी माहीत नसेल तर नंतर "बिनटाक्याचं म्हणाले होते" म्हणून भांडण होतं.

टप्पा ५: पैसे आणि मंजुरी

आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे, म्हणजे कंपनी ती सरसकट नाकारू शकत नाही. पण मर्यादा घालू शकते, आणि तिथेच गोम आहे. पॉलिसी दहा लाखांची असते आणि आत बारीक अक्षरात आधुनिक उपचारांना ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी. पॉलिसीच्या कागदात ती ओळ शोधा, सापडत नसेल तर कंपनीला मेल करून उत्तर लेखी घ्या, एजंटच्या तोंडी "होऊन जाईल" वर जाऊ नका.

हॉस्पिटलकडून एस्टिमेट घेताना रोबोटचा चार्ज आणि त्याच्या हत्यारांचा खर्च वेगळा लिहून मागा, आणि मध्येच ओपन करावं लागलं तर बिल कसं होईल तेही. रोबोट लावून नंतर ओपन केलं तर दोन्हीचे पैसे लागू शकतात. महात्मा फुले योजनेत असाल तर हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, लिव्हरचं ऑपरेशन योजनेत बसलं म्हणून रोबोटचा खर्चही बसेल असं गृहीत धरू नका. कॅशलेसची मंजुरी कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असा २०२४ पासूनचा नियम आहे, तो माहीत असू द्या, सांगितला की फाईल जरा लवकर हलते.

टप्पा ६: ऑपरेशनच्या आधीचे चार आठवडे

तारीख मिळाली की लोक नुसती वाट बघत बसतात. हे दिवस वाया घालवायचे नाहीत.

तंबाखू, बिडी, सिगारेट, मिश्री आजपासून बंद. "मिश्री म्हणजे तंबाखू थोडीच" असं म्हणणाऱ्या आज्या मला रोज भेटतात. दारू पूर्ण बंद, आणि रोजची सवय असेल तर ते डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट थरथरतो, बडबडतो आणि सगळे समजतात लिव्हर फेल झालं.

रोज अर्धा तास चाला. तीन बॉलचं स्पायरोमीटर (फुप्फुसांच्या व्यायामाचं खेळणं) आत्ताच घेऊन सवय करा, ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, हे दहापैकी आठ जण उलटं करतात. खाण्यात प्रोटीन वाढवा: डाळी, मटकी, पनीर, दही, अंडी, खात असाल तर मासे-चिकन. लिव्हरचा आजार म्हणून घरचे नुसती पेज आणि उकडलेला दुधी देतात आणि पेशंट हाडकुळा होऊन टेबलावर जातो.

केमो चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर साधारण चार ते सहा आठवडे अंतर ठेवतात, बेव्हॅसिझुमॅब (केमोसोबत देतात ते एक इंजेक्शन) चालू असेल तर सहा आठवडे, कारण त्याने जखम भरत नाही. तारीख ठरवताना दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

आता गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून घेतात, क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन पाच दिवस, पण स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने एक दिवसही नाही. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा "फ्लोझिन" शेवट असलेल्या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद करायच्या असतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढतं. हे मी एवढं ठासून सांगते कारण माझ्या स्वतःच्या मामाचं ऑपरेशन याच्यासाठी सकाळी सात वाजता रद्द झालं होतं, यादी मीच लिहिली होती आणि कॉम्बिनेशनच्या गोळीत ते औषध आहे हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं. पट्टीच्या मागचं पूर्ण नाव वाचा. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन-शुगरचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा, त्याने पोट लवकर रिकामं होत नाही.

थांबा: काढे, भस्मं, "लिव्हर टॉनिक", गुळवेल, सगळं बंद. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद छापली होती, त्यावर वाद झाले ते असोत, पण ऑपरेशनच्या तोंडावर प्रयोग नको. काही घेत असाल तर लपवू नका, कुणी रागावणार नाही. रागावलं तरी चालेल.

तपासा: भुलेचा फिटनेस, हृदयाचा इको, रक्तगट, दोन-तीन रक्तदाते तयार, आयोडीनची ॲलर्जी असेल तर फाईलवर लाल पेनाने. गाठ चमकवण्यासाठी हिरव्या रंगाचं आयसीजी नावाचं इंजेक्शन देतात, काही ठिकाणी ऑपरेशनच्या काही दिवस आधी बोलावून देतात. ती तारीख चुकवली तर तो फायदा गेला.

टप्पा ७: आदली रात्र आणि सकाळ

जेवण आठ तास आधी संपवा, हलका नाश्ता सहा तास, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत, बाकी भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ अंतिम. दुधाचा चहा म्हणजे पाणी नाही! तो जेवणात धरतात. "काही खाल्लं नाही हो, फक्त चहा-खारी" या एका वाक्यावर लिस्ट पुढे ढकललेली आहे. बीपीच्या गोळ्यांपैकी सकाळी कुठली घोटभर पाण्यासोबत घ्यायची ते आदल्या दिवशी लिहून घ्या. नेलपॉलिश, मेंदी बोटांना नको, ऑक्सिजनचा क्लिप नीट दाखवत नाही. दात कवळीचे असतील तर काढून डबीत.

टप्पा ८: दार बंद झाल्यावर आत काय चालतं

बाहेर बसणाऱ्यांना वेळेचा अंदाज असावा म्हणून थोडक्यात. भूल, हाताच्या आणि मानेच्या शिरेत लाइन, लघवीची नळी, मग टेबल तिरकं करून रोबोट जोडणं, यातच तास-दीड तास जातो. म्हणजे नऊला आत नेलं तर नऊला कापायला सुरुवात होत नाही. मग आतून सोनोग्राफीचा प्रोब लिव्हरवर फिरवून गाठ आणि शिरा बघतात, कारण बहुतेक मशीनमध्ये सर्जनला हाताला स्पर्श कळत नाही. लिव्हर कापताना रक्त कमी जावं म्हणून लिव्हरकडे येणारा रक्तपुरवठा साधारण १५ मिनिटं दाबून धरतात, ५ मिनिटं सोडतात, परत दाबतात. सलाईनही मुद्दाम हात राखून देतात, शिरांत दाब कमी राहावा म्हणून. छोटं ऑपरेशन तीन-चार तासांत होतं, मोठं आठ तासही घेतं.

मध्येच बाहेर येऊन "ओपन करतोय" असं सांगितलं तर घाबरू नका आणि वादही घालू नका. रक्तस्राव आवरत नसेल किंवा गाठीच्या कडेला पुरेसं अंतर मिळत नसेल तर पोट उघडणं हाच शहाणपणा असतो. रोबोटसाठी अडून बसणारा सर्जन मला जास्त घाबरवतो.

टप्पा ९: पहिले पाच दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि एसजीपीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) ५००-६०० बघून घरात रडारड. रक्तपुरवठा दाबलेला असतो, लिव्हर कापलेलं असतं, ते एन्झाइम वाढणारच आणि रोज खाली येणार. बघायचे असतात ते बिलिरुबिन आणि आयएनआर. पहिले एक-दोन दिवस तेही वाढतात, पण पाचव्या दिवशी उतरायच्या ऐवजी चढत असतील तर ती खरी काळजी, तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा, "लिव्हर काम उचलतंय का?"

ड्रेनच्या (पोटातून बाहेर काढलेली नळी) पिशवीतलं पाणी लालसर, मग फिकट पिवळं होत जातं. हिरवट किंवा मोहरीच्या तेलासारखं गडद झालं तर पित्त गळत असू शकतं. ड्रेनमधलं बिलिरुबिन तपासतात, तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातल्या बिलिरुबिनच्या तिप्पट असेल तर गळती धरतात. बरीचशी गळती नळी काही दिवस जास्त ठेवून आपोआप थांबते, काहींना ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट टाकावा लागतो. घरी नळीसकट पाठवलं म्हणजे हात झटकले असं नाही.

उठून बसणं शक्यतो त्याच संध्याकाळी, चालणं दुसऱ्या दिवशी. "आराम करू द्या हो त्यांना" म्हणणारी आत्या प्रत्येक खोलीत असते. पडून राहिलं की फुप्फुसात कफ आणि पायात गुठळी. खांदा दुखतो तो गॅसमुळे, हार्ट अटॅक नाही, पण छातीत दाब किंवा दम लागत असेल तर लगेच सिस्टरला सांगा.

थांबा: दुखतंय म्हणून बाहेरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम आणून देऊ नका. पॅरासिटामॉलसुद्धा लिव्हर कापलेल्या माणसाला कमी डोसमध्ये देतात, किती ते डॉक्टर सांगतील तेवढंच. पेशंट दिवसा खूप झोपतोय, रात्री जागा, उलटसुलट बोलतोय असं दिसलं तर "भुलेचा परिणाम असेल" म्हणून गप्प बसू नका.

टप्पा १०: घरी गेल्यावर

छोट्या ऑपरेशनला तीन-चार दिवसांत, मोठ्याला आठवड्याभरात सोडतात. बाहेरची भोकं लवकर भरतात आणि इथेच पेशंट फसतो, आतलं लिव्हर अजून वाढतंय हे विसरतो. चार ते सहा आठवडे ५ किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे गॅसची टाकी नाही, नातवाला कडेवर नाही, पाण्याची बादली नाही. टू-व्हीलर आपल्या खड्ड्यांतून तर नाहीच. कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं असेल तर पोटात घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घरीही चारेक आठवड्यांपर्यंत चालू ठेवायला सांगतात, ती मध्येच सोडू नका.

खाणं थोडं-थोडं, पाच-सहा वेळा, प्रोटीन प्रत्येक वेळी. उसाचा रस लिव्हरला चांगला म्हणून गाड्यावरून आणून पाजतात, त्यातला बर्फ आणि पाणी कुठलं देव जाणे. मीठ कमी करायचं का ते फक्त सिरोसिसवाल्यांनी विचारायचं, सगळ्यांनी नाही. सिरोसिस असेल तर पोट साफ राहणं फार महत्त्वाचं, लॅक्टुलोज दिलं असेल तर "जुलाब होतात" म्हणून बंद करू नका, डोस कमी करायला डॉक्टरांना विचारा.

रात्री-अपरात्री निघायचं कधी: १०१ च्या वर ताप, डोळे पिवळे किंवा लघवी गडद, काळी शी, एकाच पायाला सूज, अचानक दम, पोट फुगत चाललंय, गुंगी. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्यात वेळ घालवू नका, ऑपरेशन झालं तिथे फोन लावून निघा.

तुकड्याचा बायोप्सी रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो, तो आणायलाच लोक जात नाहीत! गाठ पूर्ण निघाली का, कडेला पेशी आहेत का, शिरेत शिरली होती का, पुढे केमो लागेल का, सगळं त्यात असतं. सिरोसिसमधल्या लिव्हर कॅन्सरमध्ये पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना परत गाठ येते, लिव्हर तेच आजारी असतं ना, म्हणून पहिली दोन वर्षं साधारण तीन-तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी. पुढची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच कॅलेंडरवर टाका, आणि नव्या सीटीची सीडी जुन्यांच्या मागे त्याच फाईलमध्ये.

हिपॅटायटिस बी निघाला असेल तर बायको-नवरा, मुलं, भावंडं सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. निगेटिव्ह असतील आणि आधी लस झालेली नसेल तर लसीचे तीन डोस, पहिल्यानंतर दुसरा एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. तिसरा हमखास राहतो.